नव्वद सेकंदांची धडधड

मल्हार टिपुगडे दुपारी चार वाजता घरी आला, कुलपात किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं, आणि त्याची बायको न्हाणीघरात शिरून आतून कडी लावून बसली.

आता नवरा-बायको म्हटल्यावर रुसवेफुगवे व्हायचेच, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मल्हारलाही आधी तसंच वाटलं. सकाळी त्यानं डब्यात मेथी नको म्हणून तोंड वाकडं केलं होतं. तेवढ्यावरून? केतकी तशी बाई नव्हती. राग आला तर ती समोर उभी राहून दोन शब्द ऐकवायची आणि मोकळी व्हायची.

त्यानं दारावर टकटक केली. "अगं, काय झालं?"

आतून नुसता श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

"केतकी!"

"मल्हार, तू आहेस का?"

"नाहीतर कोण असणार चार वाजता?"

"तूच आहेस. माहीत आहे मला. तू जरा बाल्कनीत जाऊन बस. प्लीज. मी येते बाहेर."

दहा मिनिटांनी ती आली. मान घामानं निथळत होती आणि हातात न्हाणीघरातला खराटा होता, उगारलेला. आपण काय धरलंय ते तिचं तिलाच तेव्हा दिसलं. तिनं खराटा भिंतीला टेकवला, ओशाळून हसली आणि म्हणाली, "वेडी झालेय मी. चहा टाकते." मग दोघंही हसले. त्या गोष्टीवर ते दोघं मिळून हसले ते तेवढंच.

मल्हारचा धंदा तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तो टायटल्स करायचा. सिनेमा किंवा मालिका सुरू होताना नावं येतात ना, तो भाग. बहुतेकांना वाटतं की ती नावं दाखवायची सोय आहे आणि तेवढ्यात आपण पाणी पिऊन यावं. कॉलेजांत व्याख्यानाला बोलावलं की मल्हार एक गंमत करून दाखवायचा. पडद्यावर एक बाई विळीवर कांदा चिरते आहे, बस्स. पहिल्यांदा त्यावर बासरी, पिवळं ऊन आणि गोलमटोल अक्षरं. पोरं म्हणायची, कौटुंबिक आहे सर, सासू-सुनेचं काहीतरी. मग तोच तुकडा परत. ऊन काढून घेतलेलं, रंग जरा हिरवट, अक्षरं बारीक आणि एकमेकांपासून फटकून उभी, आणि खाली कानाला धड ऐकूही न येणारी एक घरघर. कांदा तोच, विळी तीच, बाई तीच. पण आता सगळा वर्ग तिच्या बोटांकडे बघायला लागायचा. कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, तिच्या मागं दारात कोण उभंय?"

दारात कुणीच नसायचं.

"त्याला तुम्ही आणलंत," मल्हार सांगायचा. "मी फक्त सांगितलं की आज घाबरायचं आहे. पुढचं तुमचं तुम्हीच केलं. थ्रिलर पडद्यावर नंतर सुरू होतो, तुमच्या पोटात आधी. ते पोटातलं नव्वद सेकंदांत सुरू करायचं, हे माझं काम."

हे काम त्याच्याकडे वडिलांकडून आलेलं. आप्पा टिपुगडे कोल्हापूरच्या स्टुडिओत काचेवर पांढऱ्या रंगानं नावं रंगवायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो लोकांची नावं लिहिली आणि त्यांचं स्वतःचं नाव एका सिनेमात एकदाच आलं, अगदी शेवटच्या पाटीवर, खालून दुसरं. तोवर थेटरातली माणसं उठून पायांनी चपला चाचपत होती. आप्पा खुर्चीवर उभे राहून ओरडले, "अवो, बसा की जरा!" कुणी बसलं नाही. तेव्हापासून टिपुगड्यांच्या घरात कायदाच झाला, नाव येईपर्यंत उठायचं नाही. केतकी लग्न होऊन आली आणि तिनं तो कायदा असा उचलला की आप्पासुद्धा चाट पडले. पडद्यावर मल्हारचं नाव आलं की ही हायस्कूलमधली गणिताची बाई तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायची की खालच्या मजल्यावरच्या घाटगेकाकू ओळखायच्या, टिपुगड्याचं नाव आलं बघ. चौदा वर्षांत एकदाही ती शिट्टी चुकली नाही.

मग 'नांदी' आली.

नाटकाच्या आधी नांदी होते, तिचं नाव मुंबईच्या एका कंपनीनं आपल्या यंत्रणेला दिलं. २०३८ सालापर्यंत मनगटावरची पट्टी घरोघरी झालेली होती. ती नाडी मोजायची, घाम मोजायची. टीव्हीच्या वर बसवलेला डोळा माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या होताना बघायचा. या सगळ्यावरून नांदी प्रत्येक घरासाठी वेगळी टायटल्स रचायची. मल्हारनं कच्चा माल द्यायचा, म्हणजे आवाज, दृश्यं, अक्षरं. नांदी त्यातले तुकडे निवडायची आणि तुमच्या घरात लावून बघायची. ज्या तुकड्यावर तुमचे ठोके वाढले तो ठेवायचा, नाही वाढले तो उद्यापासून काढायचा. अशी रोज थोडी घासून-पुसून महिनाभरात ती टायटल्स तुमच्याच मापाची होत. लोक म्हणायचे, मालिका राहू दे, नुसतं सुरू होताना काटा येतो, नाद खुळा!

मल्हारला काम मिळालं ते 'बंद कडी' नावाच्या थ्रिलरचं. बहात्तर भाग, रोज संध्याकाळी आठला. एका बाईच्या घरी रोज कुणीतरी येऊन जातं आणि ते कोण हे तिला कळत नाही, अशी गोष्ट. कंपनीला खरेखुरे आवाज हवे होते, स्टुडिओत वाजवलेले नकोत. मल्हारनं फार डोकं चालवलं नाही. एका दुपारी रेकॉर्डर घेऊन तो आपल्याच जिन्यात बसला आणि स्वतःचंच घरी येणं रेकॉर्ड केलं. किल्ल्यांचा जुडगा, कुलूप, दार उघडण्याआधीचा त्याचा सवयीचा खोकला आणि त्याचं चालणं. लहानपणी स्टुडिओच्या कठड्यावरून पडल्यापासून त्याचा डावा पाय जरा घासायचा. टक, सर्र. टक, सर्र. रेकॉर्डिंग ऐकून तो स्वतःच खूश झाला. याला म्हणतात आवाज, असं म्हणाला.

आणि केतकीनं बहात्तर भाग बघितले. टायटल्स एकदाही न वगळता, नाव येईपर्यंत.

खराट्याच्या त्या प्रसंगानंतर केतकीनं वही केली. गणिताची बाई ती, आधी मांडणी, मग रडारड. तारीख, वेळ, काय ऐकलं, ठोके किती. घाटगेकाकांच्या किल्ल्या वाजल्या, ठोके बहात्तर. मल्हारच्या किल्ल्या वाजल्या, एकशे चार. मल्हारचा खोकला, एकशे सोळा. मल्हार जिन्यात, दिसत नाही, फक्त पाय ऐकू येतो, एकशे तीस. चौथ्या आठवड्यात तिनं शेवटचा रकाना भरला आणि वही त्याच्यापुढे सरकवली. कुणीतरी शाळेत नुसतं विचारलं होतं, तुमचे मिस्टर मल्हार काय करतात? एकशे अडतीस.

"नाव घेतलं तरी?" मल्हारनं विचारलं.

"हो. आणि तू काही केलेलं नाहीस, मला माहितीय. चौदा वर्षांत तू आवाज चढवला नाहीस. मी हे शरीराला दहादा समजावून सांगितलं. ते ऐकतच नाही. तू जिन्यात असलास की मला वाटतं, आता संपलं."

तेवढ्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी केतकीची थोरली बहीण वृंदाताई इचलकरंजीहून आली. तिनं बहिणीचा उतरलेला चेहरा बघितला. मल्हार स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होता, आणि त्याचं टक-सर्र ऐकून केतकीनं सोफ्याची कड घट्ट धरलेली तिला दिसली. मल्हारच्या हातात अजून ट्रे होता तेव्हाच ती म्हणाली, "केतू, बाह्या वर कर बघू."

"ताई, काहीतरीच काय!"

"वर कर म्हणते ना."

"अगं, तो मला बोटसुद्धा लावत नाही. त्याचं काही चुकलेलं नाही."

"सगळ्या असंच म्हणतात," वृंदाताई म्हणाली, आणि मल्हारकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं की त्याच्या हातातला ट्रे कलला. चहा बशीत सांडला. सांडलेला चहा बघून तर तिची खात्रीच पटली. मल्हारला तिचा राग आला नाही, हीच मोठी पंचाईत होती. पाय घासत येणारा माणूस, दारात खोकणारा, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेली बायको, हे त्यानं स्वतः पडद्यावर बघितलं असतं तर त्यानंही हेच म्हटलं असतं.

मिरजेला डॉक्टर रुखसाना मुजावर यांचं मेंदूच्या तपासण्यांचं केंद्र होतं. दोन दिवस त्यांनी केतकीच्या डोक्याला तारा लावून तिला नाही नाही ते ऐकवलं. तिसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवलं.

"मॅडमचं डोकं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात बिघाड नाही, शिकवण झालेली आहे. हे बघा. कुत्र्याला जेवणाआधी रोज घंटा ऐकवली की नंतर नुसत्या घंटेनं लाळ सुटते. इथं तुमच्या किल्ल्या, तुमचा पाय आणि मग भीती, असं बहात्तर वेळा झालंय. मी कंपनीकडून आकडे मागवले. चाळीस लाख लोकांनी ही मालिका बघितली. बहुतेकांनी आठ-दहा भागांनंतर टायटल्स वगळायला सुरुवात केली, ते वाचले. एकदाही न वगळणारे दोनशे बारा निघाले. त्यांनाही फार झालं नाही, कारण पडद्यावरचा तो पाय त्यांच्या जिन्यात कुणाचाच नाही. दोनशे बारांतलं एकच घर असं आहे, जिथं तो पाय रोज चार वाजता खरोखर येतो."

केतकीनं पिशवीतून वही काढली आणि शेवटचा रकाना उघडला.

"पण नावाचं काय?" केतकीनं विचारलं. "मल्हार म्हटलं की सगळ्यांत जास्त होतं. नाव तर आवाजात नव्हतं."

डॉक्टरांनी आलेख पडद्यावर लावला. पहिल्या भागाचा. नव्वद सेकंदांची सपाट रेघ आणि एकाहत्तराव्या सेकंदाला एक उंच सुळका.

"पहिल्याच दिवशी इथं तुमचे ठोके उसळले. तेव्हा भीती शिकवून झालेलीच नव्हती. इथं काय होतं?"

"नाव," केतकी म्हणाली. "नाव आलं की मी शिट्टी मारते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं आहे, काळजाच्या धडधडीला जात नसते. कौतुकानं धडधडतं, प्रेमानं धडधडतं, भीतीनं धडधडतं, रक्तात जे सुटतं ते जवळजवळ तेच. मग ते नेमकं काय आहे हे मेंदू कसं ठरवतो? आजूबाजूला बघून. लग्नाचा मांडव असेल तर आनंद, अंधार असेल तर भय. नांदीला फक्त ठोके दिसतात. तिला वाटलं, या बाई या नावाला जाम घाबरतात. मग तिनं रोज थोडं थोडं करून सगळी टायटल्स त्या नावाभोवती रचली. घरघर तिथंच चढत गेली, पाय तिथंच येऊन थांबला. धडधड मॅडमची स्वतःचीच होती. यंत्रानं तिच्यावर दुसरी पाटी लावली, आणि बहात्तराव्या दिवसापर्यंत मेंदूनं ती मान्य केली."

परत येताना अंकलीच्या पुलाच्या अलीकडे मल्हारनं गाडी बाजूला घेतली. रसवंतीवर चरकाचे घुंगरू वाजत होते. केतकी मागच्या सीटवर बसली होती, आठवड्यापासून ती मागेच बसायची.

"एक सांगायचंय," तो पुढे बघतच म्हणाला. "नांदी नेहमीच्या चौकटीबाहेरचा मोठा बदल करायच्या आधी मला विचारायची. नवव्या भागानंतर तिचा निरोप आला होता. अमुक घरात एकाहत्तराव्या सेकंदाला सर्वाधिक ठोके, भीतीचा कळस तिथं बसवू का? घराचा नंबर आपला होता. मी ओळखला."

"मग?"

"मी हो म्हटलं. मला बरं वाटलं गं. म्हटलं, चाळीस लाख लोकांत माझ्या नावाला सगळ्यांत जास्त धडधड आपल्या घरात होते. छाती फुगली माझी. आणि दाबलं हो."

केतकी रडत रडत हसली. "म्हणजे तू मला आवडत होतास, म्हणून हे झालं. एखादीला नवरा आवडत नसता तर ती सुटली असती."

"केतकी, मी..."

"वळू नकोस मागं," ती पटकन म्हणाली. "बोल. पण वळू नकोस."

मल्हारनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, सर, आम्ही तुमच्या घरची टायटल्स आजच्या आज पुसून टाकतो. मल्हार म्हणाला, बाई, ती टीव्हीत नाहीत, माझ्या बायकोच्या अंगात आहेत, तिथून पुसा. मुलगी हळूच म्हणाली, सर, खरं सांगू का, इकडे सगळे तुमच्या कामाचं कौतुकच करताहेत. दुसऱ्या पर्वासाठी तुमचंच नाव चाललंय. मल्हारनं फोन ठेवला. कुणाशी भांडावं हेच त्याला कळेना. कुणी वाईट हेतूनं काही केलंच नव्हतं.

मग त्यानं जे जे सुचेल ते केलं. कुलूप बदललं, किल्ल्या बदलल्या. खोकला दाबायला तोंडात खडीसाखर धरायला लागला. सुभाष रोडवरच्या चांभाराकडून डाव्या चपलेला जाड तळ लावून घेतला. सर्र गेलं, पण दोन पावलांमधलं ते अडखळणं राहिलं, आणि केतकीचं अंग नेमकं तेवढंच ओळखायचं. मग एके दिवशी तो अनवाणी, अजिबात आवाज न करता आत आला. केतकी चहा गाळत होती. तिनं वळून पाहिलं तर तो दोन हातांच्या अंतरावर उभा. सगळा चहा तिच्या पायावर सांडला.

तो बर्नॉल आणायला धावला आणि ती किंचाळली. त्याच्या धावण्याला.

घाटगेकाकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय वं?" त्यांनी विचारलं. चौदा वर्षं याच काकू त्याला हाक मारून पुरणपोळी द्यायच्या. आता त्या दारातून हलेनात. मल्हारनं ट्यूब काकूंच्या हातात दिली आणि आपण खाली जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिला. स्वतःच्या बायकोच्या भाजलेल्या पायाला मलम लावायची त्याची सोय राहिली नव्हती.

डॉक्टर मुजावरांनी स्पष्टच सांगितलं, "वेगळं राहा. प्रत्येक दचकण्यानं शिकवण पक्की होते. आणि एक आशा सोडा. शिकलेलं पुसता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरं काही शिकवता येतं. ते जिंकेल का, हे मी नाही सांगू शकत."

मल्हार शाहूपुरीतल्या आपल्या स्टुडिओच्या खोलीत राहायला गेला, आणि तिथं त्यानं टायटल्स करायला घेतली. नांदीशिवाय, एकाच प्रेक्षकासाठी. तेच आवाज, कारण अंगाला नव्यानं शिकवायचं होतं ते त्याच आवाजांबद्दल. किल्ल्या, कुलूप, खोकला, टक-सर्र. फक्त भोवती दुसरं काहीतरी हवं होतं. दुपारचं ऊन घेतलं. भिजत घातलेल्या मटकीचं पातेलं घेतलं, बाल्कनीतल्या वाळत्या साड्या घेतल्या, ताटातला अर्धा खाल्लेला चिक्कू घेतला. घरघर काढून तिथं घाटगेकाकूंच्या रेडिओची दुरून येणारी गुणगुण ठेवली. नावासाठी त्यानं आप्पांची जुनी काच काढली, ब्रश काढला आणि पांढऱ्या रंगानं हातानं लिहिलं, मल्हार. तीन अक्षरांना तीन दिवस लागले. लिहिलं की त्याला वाटायचं, हे भीतिदायक दिसतंय. पुसायचा, परत लिहायचा. लाखो लोकांना घाबरवताना त्याचा हात कधी अडला नव्हता. एका बाईला निर्धास्त करताना मात्र त्याला काहीच येईनासं झालं.

केतकी रोज सकाळी अकराला ती नव्वद सेकंदं बघायची आणि ठोके लिहून पाठवायची. एकशे छत्तीस. एकशे एकतीस. मध्ये एक आठवडा परत एकशे छत्तीस. मग एकशे वीस. बाकीचं बोलणं लिहूनच व्हायचं. ती लिहायची, गॅसचा नंबर लावला. तो लिहायचा, बरं केलंस. एकदा तिनं लिहिलं, आज नावावर शिट्टी मारायला गेले, तोंडाला कोरड, नुसती हवाच आली. मल्हार त्या दिवशी जेवला नाही.

अकराव्या आठवड्यात आकडा शंभराखाली आला. डॉक्टर म्हणाल्या, आता खरं दार करून बघू. चालणं बदलायचं नाही, खोकला दाबायचा नाही. जसे आहात तसे जा.

रविवारी सकाळी अकराला मल्हार जिन्यापाशी आला. जुनी चप्पल, जुना जुडगा, फोन कानाला. केतकी आत दारासमोर स्टूल टाकून बसली होती. जुनं कुलूप तिनं स्वतः परत बसवून घेतलं होतं.

"येऊ?" त्यानं विचारलं.

"ये."

टक, सर्र. टक, सर्र. खालच्या घाटग्यांचं दार किलकिलं झालं आणि मिटलं. पहिला मजला, दुसरा मजला. मधल्या पायऱ्यांवर त्याला खोकला आला, तो त्यानं येऊ दिला. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. दारापाशी येऊन त्यानं किल्ली कुलपात घातली.

"थांब," केतकी म्हणाली.

तो थांबला.

"धडधडतंय."

"किती?"

"एकशे अठरा."

"भीती वाटतेय?"

दार मधे असूनही ती किती जवळ आहे हे त्याला कळत होतं, स्टुलाचा पाय फरशीवर हलला तोही ऐकू आला.

"कळत नाही रे," ती म्हणाली. "कॉलेजच्या फाटकापाशी तू यायचास, लांबून तुझा पाय ऐकू यायचा, तेव्हा असंच व्हायचं. अगदी असंच. आणि न्हाणीघरात कडी लावून बसले तेव्हा पण असंच झालं होतं. मी मघापासून शोधतेय, आत्ताचं यातलं कुठलं आहे. मला फरकच कळेनासा झालाय."

मल्हारनं कपाळ दाराला टेकवलं.

"तू सांग ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, ती खरोखर विचारत होती. "तुझंच काम आहे ना हे? सगळ्या जगाला नव्वद सेकंदांत सांगायचास, काय वाटून घ्यायचं ते. मला सांग. हे काय आहे?"

त्यानं तोंड उघडलं. प्रेम आहे म्हण, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ते आपण तिला सांगायचं, तिच्या धडधडीला पुन्हा एकदा आपणच पाटी लावायची, आणि खोटी निघाली तर? एकशे अठराच्या त्या आकड्यात काय आहे हे त्यालाही दिसत नव्हतं, जसं ते नांदीला दिसलं नव्हतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

किल्ली कुलपात तशीच ठेवून तो खाली पायरीवर बसला. खालून काकूंच्या फोडणीचा वास आला. कुणीतरी दुधाची पिशवी घेऊन वर आलं, त्याच्याकडे बघत, अंग आक्रसून पुढच्या मजल्यावर गेलं.

"मल्हार?" किती तरी वेळानं फोनमधून आवाज आला. तीन महिन्यांत तिनं पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली होती. "आहेस ना?"

"आहे."

"जाऊ नकोस."

"नाही जात."

आत स्टूल पुन्हा सरकलं. दाराकडे की दारापासून लांब, ते त्याला ओळखता आलं नाही.

"आणि आत पण येऊ नकोस," ती म्हणाली.

"बरं," मल्हार म्हणाला आणि बसून राहिला.